आवाज ऐकला, पण आला कुठून?

दोस्तांनो, आधी एक खेळ खेळू या. शाळेच्या मैदानावर पाच-सहा जण गोल करून उभे राहा. मधोमध एकाला उभं करा आणि त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधा. आता गोलातल्या कुणीतरी एकदाच चुटकी वाजवायची. आवाज आला त्या बाजूला मधल्या गड्यानं बोट दाखवायचं. बहुतेक वेळा बोट बरोबर जाईल.

आता त्यानं एक कान बोटानं घट्ट बंद करायचा. मान अजिबात हलवायची नाही. वाजवा पुन्हा चुटकी! गंमत बघा. चुटकी ऐकू येते, पण बोट भलतीकडेच जातं. बरेचदा तर उघड्या कानाच्याच बाजूला जातं.

दोन कानांतला एक बंद केला, तर आवाज निम्मा व्हायला हवा असं वाटतं ना? पण तो थोडासाच कमी होतो. हरवते ती आवाजाची बाजू. म्हणजे दुसरा कान काही नुसता जोडीला म्हणून दिलेला नाही. त्याला स्वतःचं वेगळं काम आहे. ते काम काय, आणि एखाद्याचा तो कान जन्मापासूनच किंवा आजारानं बंद पडला तर कोणती यंत्रं मदतीला येतात, ते आज पाहू.

वसईची घंटा आणि डोक्याचा वळसा

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं, की चेलाडी फाट्याला उजवीकडे वळायचं. आलं नसरापूर! तिथून जवळच गर्द झाडीत बनेश्वराचं देऊळ आहे, नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं. सहलीला बरेच जण गेला असाल. तिथली घंटा नीट पाहिलीत का? तिच्यावर क्रूस आहे, आणि १६८३ हे साल! महादेवाच्या देवळात क्रूस कसा आला? तर १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला जिंकला, तेव्हा तिथल्या घंटा मराठ्यांनी आणल्या. त्यांतलीच ही एक.

समजा, ही घंटा बरोबर तुमच्या डाव्या हाताला आहे आणि कुणीतरी टोल दिला. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो. डाव्या कानात तो थेट शिरतो. उजव्या कानापर्यंत जायला मात्र त्याला डोक्याला वळसा घालावा लागतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत हा वळसा साधारण २२ सेंटिमीटरचा असतो. काढा वही, करा भागाकार : ०.२२ भागिले ३४०. उत्तर येतं जेमतेम ०.०००६५ सेकंद. उजव्या कानाला बातमी कळायला उशीर होतो तो एवढाच. पापणी लवायलासुद्धा याच्या शंभरपटीहून जास्त वेळ लागतो.

आणि हा इवलासा उशीर तुमचा मेंदू मोजतो! घंटा थोडी समोर सरकली, की उशीर आणखी कमी होतो. ती अगदी नाकासमोर आली, की उशीर शून्य. सेकंदाचे एक लाख तुकडे केले, तर त्यातल्या एका तुकड्याएवढा फरकसुद्धा माणसाला ओळखता येतो. यासाठी मनगटावर घड्याळ नको की डोक्यात आकडेमोड नको. तुम्ही फक्त वळून बघता, “कुणी वाजवली रे घंटा?”

मेंदूकडे दुसरीही एक खूण आहे. तिचं नाव डोक्याची सावली. खर्जातल्या, म्हणजे समजा सेकंदाला २०० कंपनं असलेल्या, आवाजाची एक लाट १.७ मीटर लांब असते. ती तुमच्या डोक्याला जुमानत नाही, सहज वळसा घालून पलीकडे जाते. पण सेकंदाला ४००० कंपनं असलेल्या तीक्ष्ण आवाजाची लाट असते साडेआठ सेंटिमीटरची. ती डोक्यावर अडते, आणि पलीकडच्या कानाला तो आवाज बारीक ऐकू येतो. एका कानाला मोठा, दुसऱ्याला बारीक, यावरूनही मेंदू बाजू ओळखतो. खर्जातल्या आवाजांसाठी उशीर आणि तीक्ष्ण आवाजांसाठी सावली, ही जोडगोळी लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये मांडली.

आता एक अडचण लक्षात आली का? ज्याला उजव्या कानानं ऐकू येत नाही, त्याच्या उजवीकडून कुणी बोललं तर? ते बोलणं डोक्याला वळसा घालूनच डाव्या कानात जाणार. ‘आ’, ‘ओ’सारखे स्वर पोचतील, पण ‘स’, ‘च’, ‘ट’ ही व्यंजनं तीक्ष्ण असतात. ती सावलीत अडकतात. मग ‘पास’, ‘पाच’ की ‘पाट’, काही कळत नाही. आवाज आला हे कळतं, शब्द कळत नाही. आणि नसरापूरच्या आठवडे बाजारासारख्या गलक्यात तर आणखी पंचाईत. चहूबाजूंनी आवाज येत असताना आपल्याला हवा तेवढा एकच निवडून ऐकायचा, हे कामही दोन कान मिळून करतात.

गहुंज्याचा सात बळी घेणारा

आता क्रिकेटकडे वळू! २४ ऑक्टोबर २०२४. पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर भारत आणि न्यूझीलंड यांची कसोटी सुरू झाली. पहिल्याच दिवशी एका उंच फिरकी गोलंदाजानं ५९ धावांत ७ बळी घेतले. दुसऱ्या डावात आणखी ४. सामना आपण हरलो, पण त्याची गोलंदाजी कुणी विसरलं नाही. त्याचं नाव वॉशिंग्टन सुंदर.

या वॉशिंग्टनला एकाच कानानं ऐकू येतं. तो चार वर्षांचा असताना घरच्यांना हे कळलं, असं त्यानं स्वतःच सांगितलं आहे. मैदानावर त्याची अडचण कुठे होते माहीत आहे? झेल घेताना! चेंडू उंच उडतो, दोघे तिघे क्षेत्ररक्षक धावतात, आणि कुणीतरी ओरडतो, “माझा!” हाक नक्की कुठून आली हे कळलं नाही, तर दोघांची टक्कर व्हायची. प्रेक्षक ओरडत असताना तर ते फारच अवघड. त्याच्या सोबत्यांना हे ठाऊक आहे, आणि ते सांभाळून घेतात.

ही गोष्ट कशासाठी सांगितली? एका कानानं ऐकणारा माणूस कसोटीत ११ बळी घेऊ शकतो, हे तर आहेच. पण अडचण नक्की कुठे येते, हे त्याला आणि त्याच्या सोबत्यांना नेमकं माहीत होतं, म्हणून त्यावर उपायही करता आला. शाळेत मात्र ही अडचण बरेचदा कुणाच्या लक्षातच येत नाही. डॉक्टरांनासुद्धा पूर्वी वाटायचं, की एक कान चांगला आहे ना, मग झालं! १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत अशा मुलांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांतली सुमारे एक तृतीयांश मुलं कधी ना कधी एखाद्या इयत्तेत मागे राहिलेली आढळली. हुशारी कमी होती म्हणून नव्हे. वर्गात अर्धवट ऐकू येत होतं, आणि बाई म्हणत होत्या, “लक्ष कुठंय तुझं?”

आधी कान तपासा

कानाचे तीन भाग तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात पाहिले असतील. बाहेरचा कान, मग पडदा आणि त्यामागची हातोडा, ऐरण, रिकीब ही तीन चिमुकली हाडं, आणि सगळ्यात आत गोगलगायीच्या शंखासारखं वेटोळं घेतलेली शंखिका. शंखिकेतल्या केसांसारख्या पेशी आवाजाचे विजेचे संदेश करतात, आणि ते नसेतून मेंदूकडे जातात.

बिघाड कुठे आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. कानात मळ साचला असेल, कान फुटून वाहत असेल, पडद्याला भोक पडलं असेल, तर रस्ता बाहेरच अडलेला असतो. औषधानं किंवा शस्त्रक्रियेनं तो बरेचदा मोकळा होतो. म्हणून कान दुखला की तेल ओतायचं नाही, पिन घालायची नाही, सरळ डॉक्टरांकडे जायचं. पण कधी कधी शंखिका किंवा नसच बिघडते. गालगुंड झाल्यावर काही मुलांचा एका बाजूचा कान असा अचानक जातो. कधी मेंदूज्वरानं जातो, कधी जन्मतःच तो कान तयार झालेला नसतो. आणि एखाद्या दिवशी अचानक एका कानानं ऐकू येईनासं झालं, तर ‘बघू उद्या’ म्हणायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. अशा वेळी लवकर औषध मिळालं तर कान वाचण्याची आशा जास्त.

तुमच्या शाळेत वर्षातून एकदा आरोग्य तपासणीची गाडी येते ना? तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघरहून, तो सुरू झाला. त्या तपासणीत कानही पाहतात. तेव्हा “मला डाव्या बाजूनं कमी येतं” हे बिनधास्त सांगा. पुढची तपासणी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणारे तज्ज्ञ, करतात. नसरापूरकरांना पुण्यात शिरतानाच, धनकवडीला, भारती विद्यापीठाची ऑडिओलॉजी शिकवणारी संस्था लागते. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. कानाला हेडफोन लावून बारीक-मोठे सूर ऐकवतात, ऐकू आलं की बटण दाबायचं, आणि त्याचा आलेख काढतात. अजिबात दुखत नाही.

कुणाला कोणतं यंत्र?

*पहिलं, नेहमीचं श्रवणयंत्र.* कानात थोडं तरी ऐकू येत असेल, तर आधी याचाच विचार होतो. कानामागे बसणाऱ्या या छोट्या यंत्रात मायक्रोफोन आवाज पकडतो, आतली चिप तो वाढवते, आणि बारीक नळीतून तो कानात सोडते. कानात बसणारा साचा प्रत्येकाच्या कानाचं माप घेऊन बनवतात. मुलं वाढतात तसा कानही वाढतो, म्हणून हा साचा अधूनमधून बदलावा लागतो. या यंत्राचा मोठा फायदा असा, की त्या बाजूचा कान स्वतः कामाला लागतो. मेंदूकडे पुन्हा दोन बाजूंच्या बातम्या येऊ लागतात.

पण भोर-वेल्ह्यात राहणाऱ्यांनी एक काळजी घ्यायची. इथला पाऊस म्हणजे चार महिने सगळीकडे ओल! यंत्राला ओल चालत नाही. रात्री ते काढून, बॅटरीचं झाकण उघडून, सिलिका जेल असलेल्या डबीत ठेवायचं. नव्या बुटांच्या खोक्यात त्या पांढऱ्या पुड्या असतात ना, त्यांत हेच असतं. आणि आंघोळीला जाताना यंत्र बाहेर!

*दुसरं, आवाज पलीकडे पाठवणारी जोडी.* कान पूर्णच बंद असेल, तर त्यात आवाज कितीही मोठा करून सोडला तरी उपयोग नाही. मग काय करायचं? पावसाळ्यात दरड कोसळून भोरचा वरंध घाट बंद झाला, की गाड्या दुसऱ्या घाटानं वळवतात. माल तोच, ठिकाण तेच, रस्ता फक्त दुसरा. तसंच इथे. बंद कानावर मायक्रोफोन, चांगल्या कानावर छोटं यंत्र. बंद बाजूचा आवाज बिनतारी लहरींनी चांगल्या बाजूला पोचतो. अमेरिकेतल्या हारफर्ड आणि बॅरी या दोघांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली. तेव्हा वायर मानेमागून किंवा चष्म्याच्या काडीतून न्यायचे! या जोडीला ‘क्रॉस’ म्हणतात. चांगला कानही थोडा कमजोर असेल तर ‘बायक्रॉस’.

आता सांगा, हे यंत्र लावून आपला चुटकीचा खेळ जिंकता येईल का?

नाही! कारण शेवटी ऐकतोय एकच कान. डाव्या-उजव्या बाजूचं सगळं एकाच दारातून आत येतंय, मग मेंदू उशीर मोजणार कशाचा? सावलीत अडकलेले ‘स’ आणि ‘च’ मात्र सुटतात, हा फायदा. तोटाही आहे. बंद बाजूला पंखा खडखडत असेल, तर तोही चांगल्या कानात येऊन बसतो. म्हणून अगदी लहान मुलांना हे द्यायच्या आधी ऑडिओलॉजिस्ट बराच विचार करतात.

*तिसरं, हाडातून ऐकवणारं यंत्र.* यासाठी घरी एक प्रयोग करा. हातभर लांब दोऱ्याच्या मधोमध स्टीलची पळी बांधा. दोऱ्याची दोन टोकं दोन्ही तर्जन्यांना गुंडाळा आणि ती बोटं कानांवर टेकवा. आता वाकून पळी टेबलावर आपटू द्या. टिणऽऽग! चक्क देवळातल्या घंटेसारखा घोष! हवेतून फार कमी आलं, कंपनं दोऱ्यातून आणि बोटांतून थेट पोचली. शाळेच्या प्रयोगशाळेत नादकाटा असेल, तर तो वाजवून त्याची दांडी कानामागच्या हाडाला टेकवा. हाडसुद्धा आवाज वाहून नेतं, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

कवटीचं हाड एका बाजूला थरथरलं, की दोन्हीकडच्या शंखिकांना ते जवळजवळ सारखंच कळतं. म्हणून बंद कानामागे थरथरणारं यंत्र लावलं, तर आवाज हाडातून पलीकडच्या चांगल्या शंखिकेपर्यंत जातो. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क या संशोधकांना १९५० नंतरच्या काही वर्षांत सशाच्या हाडावर प्रयोग करताना एक अजब गोष्ट दिसली होती. टायटॅनियम हा धातू हाडाशी एकजीव होतो, सुटता सुटत नाही! पुढे १९७७ मध्ये गॉथेनबर्ग शहरात कानामागच्या हाडात टायटॅनियमचा छोटा स्क्रू बसवून त्यावर हे यंत्र लावण्यात आलं. लहान मुलांची कवटी पातळ असते, म्हणून त्यांना स्क्रू न बसवता डोक्याभोवतीच्या मऊ पट्ट्यावर यंत्र देतात. बाहेरचा किंवा मधला कान तयारच झाला नाही, पण शंखिका चांगली आहे, अशांना तर याचा फारच उपयोग. त्यांचा तोच कान ऐकू लागतो. शंखिकाच बंद असेल, तर मात्र हेही ‘क्रॉस’सारखंच, आवाज पलीकडे नेणारं.

*चौथं, कॉक्लिअर इम्प्लांट.* म्हणजे बंद पडलेल्या शंखिकेच्या आतच बारीक तार बसवायची, आणि तारेवरच्या विजेच्या टोकांनी थेट नसेला जागं करायचं. पण वेटोळ्यात तार घालायची कशी? ऑस्ट्रेलियातले डॉक्टर ग्रॅम क्लार्क याच कोड्यात पडले होते. १९७७ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर त्यांना एक शंख सापडला. त्यांनी गवताची पाती त्यात घालून पाहिली. टोकाला लवचीक आणि बुडाला ताठ असलेली पाती सरसर वेटोळ्यात गेली! मग तारही तशीच बनवली, आणि १९७८ मध्ये मेलबर्नला त्यांनी आपली पहिली शस्त्रक्रिया केली.

बरीच वर्षं हे इम्प्लांट दोन्ही कान गेलेल्यांनाच देत असत. एकच कान बंद असलेल्यांसाठी, पाच वर्षांवरच्या मुलांसह, अमेरिकेनं २०१९ मध्ये त्याला मान्यता दिली. या चौघांत बंद पडलेल्या शंखिकेच्या बाजूची बातमी मेंदूला परत मिळवून देणारं हे एकच. चुटकीच्या खेळात पुन्हा उतरता येतं ते याच्यामुळे. पण त्यासाठी मोठी शस्त्रक्रिया लागते आणि खर्चही मोठा. नस शाबूत आहे का, हे एमआरआय काढून पाहावं लागतं. सुरुवातीला आवाज यंत्रमानवासारखा वाटतो. मेंदूला तो समजून घ्यायला महिनोन्‌महिने सराव लागतो.

शाळेतली सगळ्यात सोपी युक्ती

या चौघांखेरीज एक पाचवा मदतनीस आहे, आणि वर्गात तो फार कामाचा ठरतो. बाईंच्या गळ्यात छोटा मायक्रोफोन, मुलाच्या चांगल्या कानावर छोटा रिसीव्हर. बाई फळ्याकडे वळल्या, मागे कुणी बाक ओढला, तरी त्यांचा आवाज थेट कानात.

आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘ऐकू कमी येणं’ याची व्याख्या दोन्ही कानांची आहे. एकच कान बंद असलेलं मूल त्या व्याख्येत बसत नाही. मग त्याची सोय कुणी करायची? घरच्यांनी, बाईंनी आणि वर्गातल्या दोस्तांनी, म्हणजे तुम्ही! बोलायच्या आधी नाव घेऊन हाक मारा. चांगल्या कानाच्या बाजूला उभे राहा. रस्ता ओलांडताना त्याच्या बंद बाजूला तुम्ही चाला, कारण हॉर्न वाजला तरी गाडी कुठून येतेय हे त्याला कळायचं नाही. कबड्डीत, क्रिकेटमध्ये हाकेबरोबर हातही वर करा.

डोकं चालवा

सहावीतल्या एका मुलीला उजव्या कानानं ऐकू येत नाही. फळ्याकडे तोंड करून बसलं, की वर्गाच्या डावीकडे खिडक्या आहेत आणि बाहेर हमरस्ता. उजवीकडे कोरी भिंत आहे. पंखा सगळ्यात मागे, आणि तो खडखडतो. तिला कुठे बसवाल? आणि तिच्या मैत्रिणीला?

*उत्तर :* उजव्या भिंतीलगत, पुढून दुसऱ्या बाकावर. तिथे बंद कान भिंतीकडे राहतो, चांगला डावा कान बाई आणि सगळ्या वर्गाकडे. रस्ता आणि पंखा दोन्ही लांब. पहिल्या बाकापेक्षा दुसरा बरा, कारण तिथून बाईंचं तोंडही दिसतं आणि पुढे बसलेल्यांनी मान वळवली तर त्यांचे ओठही. मैत्रीण अर्थातच तिच्या डावीकडे. आता तुमच्या वर्गाचा नकाशा काढा, आणि हेच कोडं डाव्या कानासाठी सोडवा!